सव्वादोनला एक केबल काढायची

दादा,

आज सोमवार आहे, म्हणून हे लिहायला जमतं आहे. शुक्रवार उजाडला की माझ्या हातांना घाम सुटतो आणि शनिवारी दुपार उलटेपर्यंत मी घरीदारी कुणाशी धड बोलत नाही. तुम्ही गेल्याला सव्वीस दिवस झाले. लोक येऊन दुःखाची चौकशी करतात. दुःख आहेच. पण या सव्वीस दिवसांत रडण्यापेक्षा जास्त वेळ मी भीत बसले आहे, आणि हे सांगावं असं माणूस मला या लखनौत तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं.

आपल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात माणसं दोनच होती, तुम्ही आणि मी. आता फोन वाजला की तो माझ्यासाठीच असतो. पूर्वी तुम्ही उचलायचात, "हाँ जी, बताइए" म्हणत शांतपणे ऐकायचात आणि माझ्याकडे बघून एक बोट वर करायचात. म्हणजे, ऊठ पण धावू नको. आता बोट वर करणारं कुणी नाही, आणि मी प्रत्येक फोनला धावते.

तुम्ही मला विदुषी म्हणायचात. डब्याबरोबर पुस्तक उघडलं की तुमच्या नागपुरी बोलीत विचारायचात, "काय वाचून राहिली विदुषी?" मी नाव सांगितलं की म्हणायचात, "यात केबल कुठं लावायची ते लिहिलं आहे का? मग ठेव बाजूला, पोळी थंड होऊन राहिली." मी साताऱ्याकडची, मला ते 'होऊन राहिली' ऐकून हसू यायचं, आणि तुम्ही माझ्या हसण्यासाठी ते मुद्दाम जास्त बोलायचात. काम चुकलं की मात्र मी विदुषी नसायची. तेव्हा नुसतं "सबनीस".

"सबनीस" ही हाक मी सगळ्यात मोठ्यानं एकाच दिवशी ऐकली. आधीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी मला ती पुन्हा क्रमानं लावून बघायची आहे. जुन्या इमारतीत प्रयोगशाळा, रेकॉर्ड आणि आपली खोली. रस्त्यापलीकडे नवी इमारत, तिथं वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग. रक्ताचे अहवाल इकडे टाइप व्हायचे आणि तिकडे सिस्टरच्या पडद्यावर उघडायचे. मधे एकच केबल होती. पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणणाऱ्या मजुरांनी मे महिन्यात ती तोडली, आणि अख्खी दुपार अहवालाचे कागद हातानं पलीकडे गेले. वॉर्डबॉय धावत होते, त्यांच्यात तुम्हीही धावत होतात, पन्नाशीला आलेला माणूस, त्या उन्हात, शर्ट पाठीला चिकटलेला. संध्याकाळी खुर्चीत बसून तुम्ही एवढंच म्हणालात की आता दुसरी केबल घेतल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. मग लगेच तांब्याभर प्यायलात.

दुसरी केबल आली तेव्हा ठेकेदाराला दोन्ही एकाच पाइपातून न्यायच्या होत्या. कमी खणावं लागेल, असं त्याचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "दोनों गवाह एक ही रिक्शे में नहीं भेजते, भैया." तो पान चघळत म्हणाला, "साहब, आप तो रिक्शा पलटने का मुहूर्त निकाले बैठे हैं." तुम्हाला ते इतकं आवडलं की महिनाभर तुम्ही ते सगळ्यांना सांगत होतात. पण केबली दोन वाटांनीच गेल्या. एक रस्त्याखालून, दुसरी पाण्याच्या टाकीवरून.

नुसत्या दोन केबली लावून भागत नाही हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. दोन्ही टोकांच्या स्विचना, म्हणजे केबली जिथं जुळतात त्या पेट्यांना, आधी सांगावं लागतं की ही दोन पोर्टं आता एक आहेत, येणारंजाणारं दोघींत वाटून द्या, आणि एक गेली तर सगळं दुसरीवर घ्या. तुम्ही पलीकडच्या इमारतीत होतात. मी या टोकाला सांगून टाकलं आणि उत्साहानं दुसरी केबल लावली. त्या टोकाला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटरांची एकेक हाक एका वाटेनं जाऊन दुसरीनं परत यायला लागली, फिरत राहिली, वाढत गेली, आणि दोन मिनिटांत हॉस्पिटलातला एकूण एक पडदा गोठला. फोनवर तुमचा आवाज आला, "सबनीस, काही विचार करू नको. आत्ता लावली ती काढ." मी काढली. सगळं पूर्ववत झालं.

सुपरिटेंडेंट साहेबांना दिलेल्या अहवालात तुम्ही लिहिलंत की चूक तुमच्याकडून झाली. मी भांडले. तुम्ही म्हणालात की पलीकडचं टोक माझ्या हातात होतं, मी उशीर केला, म्हणजे चूक माझीच. हे खरं नव्हतं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी नीट धन्यवादही दिले नाहीत, कारण धन्यवाद दिले असते तर तुम्ही लगेच "पोळी खा" म्हणाला असतात.

त्यानंतर तुमचा शनिवारचा नेम सुरू झाला. सव्वादोनला, ओपीडी रिकामी झाली की, एक केबल काढायची. पाच मिनिटं तशीच ठेवायची. मग लावायची, आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत तारखेपुढे खूण करायची. एका शनिवारी खालची, पुढच्या शनिवारी वरची. ज्या पडद्यांचं बोलणं काढलेल्या केबलीवरून चालायचं ते दोन श्वासांपुरते थांबायचे, मग दुसऱ्या वाटेनं चालू लागायचे. मला तो नेम कधीच सोसला नाही. चालणारी वस्तू हातानं बंद का पाडायची? तुम्ही म्हणायचात, "दुसरी पेलते की नाही हे पहिली असेपर्यंतच बघून घ्यावं." मी म्हणायची, दिवे दोन्ही हिरवे आहेत, मग बघायचं काय राहिलं? तुम्ही म्हणायचात, "दिवा सांगतो केबल जोडलेली आहे. ती किती उचलेल हे दिवा नाही सांगत."

आपला खरा वाद इथला होता, आणि तो अर्धाच राहिला. दोन्ही केबली निम्म्या रिकाम्या असायच्या. मला ते रिकामेपण टोचायचं. दोन केबलींचं बळ एकत्र आहे, तर ते वापरायचं का नाही? वाटून देण्यासाठीच तर एकत्र केल्या ना? तुम्ही डोकं हलवायचात. दोन्ही भरल्या तर एक तुटल्यावर दुसरी कुणाचं घेणार, असं विचारायचात. मी तुम्हाला कंजूष म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हो. रिकाम्या जागेच्या बाबतीत मी कंजूषच आहे." शेवटच्या महिन्यात मी चिडून म्हणाले होते की तुमचा हिशोब भीतीचा आहे, इंजिनियरचा नाही. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि उठलात. मला वाटलं मी जिंकले.

मग तुम्हाला आपल्याच हॉस्पिटलात, नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात भरती केलं. त्याच आठवड्यात सुपरिटेंडेंट साहेबांनी मला बोलावलं. नव्या स्कॅन मशीनची चित्रं सर्जनना पलीकडे पडद्यावर हवी होती. होईल का, त्यांनी विचारलं. मी कागदावर दोन्ही केबलींची बेरीज मांडली आणि होईल म्हणून सही केली. तुम्हाला विचारलं नाही. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं होतं की तुम्ही नाही म्हणाला असतात. आठवडाभराची जड चित्रं एकदम पाठवायला मी शांत वेळ निवडली. शनिवारी दुपारी दोन ते तीन. एवढी वर्षं सव्वादोनचा नेम पाळणाऱ्या माणसाशेजारी बसून मी ही वेळ निवडली, आणि तेव्हा माझ्या मनाला काहीच खटकलं नाही.

पहिला शनिवार आला. मी सव्वादोनला स्विचच्या रॅकसमोर उभी राहिले, केबलीला हात लावला, आणि मला दिसलं की तुमच्या रक्ताचे अहवाल याच वाटेनं वर जाताहेत. हात मागे घेतला. वहीत खूण केली. चार वाजता भेटायला वर आले तर तुम्ही नळ्यांच्या आडून पहिलं विचारलंत, "काढली?" मी म्हणाले, "काढली." तुम्ही डोळे मिटलेत.

दुसऱ्या शनिवारीही तसंच. रॅक, हात, खूण. "काढली?" "काढली."

तिसऱ्या शनिवारीही मी नुसती खूण केली, पण तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, जेवलीस का. मी हो म्हणाले आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं. खाली येताना जिन्यात मी चक्क गुणगुणले होते. त्यानंतरच्या बुधवारी तुम्ही गेलात.

त्यापुढचे दोन शनिवार वहीत कोरे आहेत. खोटी खूण करायलाही माझा हात धजला नाही.

तेरावा झाल्यावर मी जानकीपुरमला वहिनींकडे गेले. त्यांनी चहा केला. तुमचा मुलगा दारापर्यंत येऊन "आंटी, नमस्ते" म्हणून आत गेला. तो हल्ली मराठीत एक शब्द बोलत नाही असं वहिनी म्हणाल्या, तुमच्याशी तेवढा बोलायचा. मग त्या कप खाली ठेवून म्हणाल्या की तुला एक विचारायचं होतं, ते केबलीचं काय होतं?

मी विचारलं, कसलं केबलीचं?

त्यांनी सांगितलं ते असं. तुमच्या पलंगावरून सिस्टरचा पडदा दिसायचा. शनिवारी दोन वाजले की तुम्ही वहिनींना घड्याळ विचारायचात आणि मग पडद्यावरून नजर हलवायचा नाहीत. पहिल्या शनिवारी पडदा जराही थांबला नाही, तेव्हा म्हणालात, आज दुसऱ्या केबलीची पाळी असेल. दुसऱ्या शनिवारी अर्धा तास बघत राहिलात, तरी पडदा थांबला नाही. मग मी भेटून गेल्यावर म्हणालात, "भिऊन राहिली ती. मला खोटं सांगून राहिली." वहिनी म्हणाल्या, मग रागवा ना तिला. तर तुम्ही म्हणालात, "मी इथं पडून असताना ती काढणार नाही. मी तरी काढली असती का, कोण जाणे. पुढच्या वेळी विचारतच नाही."

मी तो चहा कसा संपवला मला आठवत नाही. स्कूटर घेऊन निघाले, पुढच्या चौकात थांबले, आणि भाजीच्या ठेल्याशेजारी स्कूटर चालूच ठेवून उभी राहिले. ठेलेवाला "क्या हुआ बहनजी, पानी पिएँगी?" म्हणाला. मला लाज वाटायला हवी होती. वाटत होती ती भीतीच. तुम्हाला माहीत होतं, म्हणजे त्या तीन शनिवारांचा साक्षीदार होता. आणि दुसरी पेलते की नाही हे बघणारं मात्र आता कुणीच नव्हतं.

दोन दिवसांनी शनिवार होता. सव्वादोनला मी खालची केबल काढली.

दोन श्वास गेले, चार गेले. फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर होती. "मैडम, रिपोर्ट खुल नहीं रही. आधी आकर अटक गई है." मी म्हणाले, एक मिनट. दुसरा फोन वाजला, मग तिसरा. दिवा हिरवाच होता. एकट्या केबलीवर आठवड्याची सगळी चित्रं धावत होती आणि त्यांच्या गर्दीत अहवालांना वाट मिळत नव्हती. पाच मिनिटं मी थांबू शकले नाही. एक मिनिट होत आलं तशी केबल परत खोचली. बोटं इतकी ओली होती की ती दोनदा निसटली.

म्हणजे त्या तिन्ही शनिवारी दुपारी, तुम्ही वर पडद्याकडे बघत असताना, दोनपैकी कुठलीही केबल तुटली असती तर असंच झालं असतं. तुटली नाही, हे खरं. पण रस्ता तेव्हाही कुणी ना कुणी खणतच होतं.

मी तशीच सुपरिटेंडेंट साहेबांकडे गेले. चित्रं आजपासून या वाटेनं जाणार नाहीत, म्हणाले. वेगळी केबल येईपर्यंत पूर्वीसारखी फिल्म पाठवा. ते वैतागले. म्हणाले, "मैडम, जो टूटा नहीं उसे आप खुद खींचती हैं, फिर कहती हैं टूट गया." दादा, हे वाक्य शब्द बदलून मीच तुम्हाला कितीदा ऐकवलं होतं. मी एवढंच म्हणाले, "सर, भालेराव जी ऊपर थे तब भी यही हाल था. दस्तख़त मेरे हैं. और रजिस्टर में शनिवार के जो निशान हैं, उनमें तीन झूठे हैं." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, वेगळ्या केबलीचा अर्ज लिहून आणा, आणि ती वहीसुद्धा.

वही दिली. तिन्ही खुणांवर काट मारून पुढे लिहिलं, केबल काढली नाही. खाली नाव लिहिलं. माझ्यावर काय होईल अजून कळलेलं नाही. त्याची भीती आहे, पण लहान आहे.

मोठी आहे ती वेगळी. आपला वाद मी हरले हे तुम्हाला सांगता आलं नाही, म्हणून मी हरले हे पक्कंही होत नाही. तुम्ही ऐकून काहीतरी बोलला असतात. कदाचित म्हणाला असतात की बेरीज तुझी बरोबर होती, वेळ चुकली. कदाचित नुसतं "सबनीस" म्हणून गप्प बसला असतात. मी दोन्ही ऐकते, रोज, आणि कुठलं खरं ते कळत नाही. तुम्ही मला माफ केलंत की सोडून दिलंत, हेही नाही कळत. वहिनींना विचारायचं धाडस नाही.

परवाच्या शनिवारी चित्रं नव्हती. मी आधी तिसऱ्या मजल्यावर फोन लावला. सिस्टरला सांगितलं की अहवाल उघडून पडद्यासमोर बसा, फोन ठेवू नका. अतिदक्षता विभागाचं बोलणं ज्या केबलीवरून चालतं ती कुठली हे मला माहीत होतं. तुमच्या पलंगावर आता कोण आहे, मी विचारलं नाही. सव्वादोन वाजले. ती केबल काढली.

"रुकी," सिस्टर म्हणाली.

मी सेकंद मोजायला लागले.

"चल पड़ी, मैडम. ज़रा-सी रुकी थी." मग मागून कुणा माणसाचा बारीक आवाज आला, आणि ती म्हणाली, "मरीज़ पूछ रहे हैं, क्या हुआ?"

मी म्हणाले, "कहिए, जाँच चल रही है. हर हफ़्ते होती है."

तिनं फोन ठेवला. मिनिटभर झालं होतं, चार उरली होती. केबल हातात धरून मी उभी होते. घाईनं परत लावावी असं सारखं वाटत होतं. घड्याळाकडे बघत राहिले, आणि लावली नाही.